हरणारा संघ, जिंकणारे मालक

६ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एक विलक्षण मिरवणूक निघाली. एरी सरोवराकाठच्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत काही हजार माणसांनी शहराच्या फुटबॉल मैदानाला फेरी घातली आणि आपल्या चालण्यातून एक भलेमोठे शून्य उभे केले. शहराचा संघ, क्लीव्हलँड ब्राउन्स, त्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरला होता. त्याआधीच्या हंगामात सोळांपैकी एकच सामना त्याच्या वाट्याला आला होता. दोन वर्षांत बत्तीस सामने आणि विजय एक! या पराक्रमाचा उपहास करण्यासाठी त्याच शहरातले, त्याच संघावर जीव टाकणारे लोक रस्त्यावर आले होते. या निमित्ताने जमलेला पैसा त्यांनी शहरातील गरजूंना अन्न पुरविणाऱ्या संस्थेला दिला. एका पराभूत संघाच्या चाहत्यांनी दाखविलेली ही सामाजिक जाणीव त्या संघाच्या मालकांना कधी दाखविता आली काय, हा प्रश्न त्या मिरवणुकीने न विचारताच विचारला.

अमेरिकेतला हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा हा खेळ आहे. परंतु खेळाचे नियम ठाऊक नसले तरी ब्राउन्सची कहाणी कळण्यास अडचण पडत नाही. ती एका संस्थेच्या ऱ्हासाची कहाणी आहे आणि तो ऱ्हास दैवाने आलेला नाही. अमेरिकी वृत्तपत्रे त्याला कधी शाप म्हणतात, कधी दुर्दैव म्हणतात. वस्तुस्थिती अशी की एकामागून एक चुकीचे निर्णय घेतले गेले, ते घेणाऱ्यांना त्यांची किंमत मोजावी लागली नाही आणि म्हणून ते पुन्हा घेतले गेले. ज्या व्यवस्थेत चूक करणारा एक आणि भोगणारा दुसरा असतो, तेथे चूक सुधारण्याची प्रेरणाच उरत नाही. ब्राउन्सच्या साठ वर्षांच्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

या संघाचा प्रारंभ मात्र उज्ज्वल होता. १९४६ साली तो मैदानात उतरला तेव्हा क्लीव्हलँड हे पोलाद, यंत्रे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे शहर होते. १९५० च्या शिरगणतीत त्याची वस्ती नऊ लाखांवर होती. पॉल ब्राउन या प्रशिक्षकाच्या नावावरून संघाला नाव मिळाले. त्यांनी सरावाला शास्त्रीय शिस्त लावली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९४६ मध्येच मेरियन मॉटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत जॅकी रॉबिन्सन यांना प्रवेश मिळण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. पहिल्या चारही वर्षी त्या वेळच्या प्रतिस्पर्धी संघटनेचे विजेतेपद ब्राउन्सने मिळविले. १९५० मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये प्रवेश केल्याबरोबर त्याच वर्षी तेथेही विजेतेपद पटकावले आणि १९५४ व १९५५ मध्ये त्याची पुनरावृत्ती केली. १९५७ पासून जिम ब्राउन यांच्यासारखा असामान्य खेळाडू या संघाला लाभला. गिरणीतून आणि भट्टीवरून सुटून रविवारी मैदानावर येणाऱ्या माणसाला हा संघ आपला वाटे, आणि तसे वाटण्यास आधार होता.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तो त्याचा कधीच नव्हता. अमेरिकेत अशा संघाला ‘फ्रँचायझी’ म्हणतात. लीगने एका धनिकाला एका शहरात खेळाचा धंदा करण्यासाठी दिलेला परवाना, असा या शब्दाचा रोकडा अर्थ आहे. १९६१ साली जाहिरात आणि दूरचित्रवाणीच्या व्यवसायातून आलेल्या आर्ट मॉडेल यांनी हा परवाना सुमारे ४० लाख डॉलरना विकत घेतला. दोनच वर्षांत, जानेवारी १९६३ मध्ये, त्यांनी पॉल ब्राउन यांना काढून टाकले. ज्या माणसाने संघ घडविला, ज्याचे नाव संघाला होते, त्याला घालविण्यास मालकाची मर्जी पुरेशी ठरली. पूर्वपुण्याईवर १९६४ चे विजेतेपद मिळाले. ते अखेरचे. १९६६ च्या हंगामापासून सुरू झालेल्या ‘सुपर बोल’ या अंतिम लढतीत ब्राउन्स आजवर एकदाही पोहोचलेला नाही.

मॉडेल यांचा दुसरा निर्णय आर्थिक होता. महापालिकेचे जुने, अवाढव्य मैदान त्यांनी १९७० च्या दशकात नाममात्र भाड्याने दीर्घ मुदतीसाठी आपल्याकडे घेतले, आणि तेथे खेळणाऱ्या बेसबॉल संघाकडून ते स्वतः भाडे घेऊ लागले. सार्वजनिक मालमत्तेवरची ही जमीनदारीच होती. पुढे शहराने बेसबॉलसाठी नवे मैदान बांधले, १९९४ मध्ये तो संघ तिकडे गेला आणि मॉडेल यांचे उत्पन्न आटले. आपल्या हिशेबाची ही चूक त्यांनी शहराच्या माथी मारली. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांनी जाहीर केले की संघ बाल्टिमोरला जाणार. तेथे सरकारी खर्चाने नवे मैदान तयार होणार होते आणि त्याचे भाडेही द्यावे लागणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, क्लीव्हलँडच्या मतदारांनी जुन्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी मद्य आणि सिगारेटींवरील कर चालू ठेवण्यास भरघोस मतांनी संमती दिली. ज्यांचा संघ आदल्या दिवशी विकला गेला होता त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी कर भरण्याची तयारी दाखविली! मालकाची निष्ठा आणि नागरिकांची निष्ठा यांतील अंतर याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

बाल्टिमोरचा यात दोष नव्हता असेही म्हणता येणार नाही आणि सारा दोष त्याचा होता असेही नाही. त्याचा स्वतःचा संघ १९८४ मध्ये एका रात्रीत मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला नेण्यात आला होता. एका लुटलेल्या शहराने दुसऱ्या शहराला लुटावे आणि दोघांच्या तिजोऱ्या मालकवर्गाने रिकाम्या कराव्यात, अशी ही व्यवस्था आहे. संघ ३२ आणि संघ हवा असलेली शहरे त्याहून अधिक, ही टंचाई लीग जाणीवपूर्वक टिकविते. कारखानदार जसा राज्याराज्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवून सवलती उकळतो, तसाच हा प्रकार.

क्लीव्हलँडने न्यायालयात दाद मागितली. १९९६ च्या तडजोडीत संघाचे नाव, रंग आणि इतिहास शहराकडे राहिले, आणि १९९९ पर्यंत नवा संघ देण्याचे लीगने कबूल केले. बाल्टिमोरला गेलेल्या संघाने ‘रॅव्हन्स’ या नव्या नावाने पाचव्याच हंगामात सुपर बोल जिंकला. अखेरच्या हंगामातील प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना मॉडेल यांनी जाता जाता काढून टाकले होते. त्यांनी पुढे न्यू इंग्लंड संघाला सहा वेळा सुपर बोल मिळवून दिला. क्लीव्हलँडजवळ गुणवत्ता नव्हती असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

नव्या संघाचा परवाना १९९८ मध्ये अल लर्नर यांनी ५३ कोटी डॉलरना घेतला. जुना संघ हलविण्याच्या व्यवहारात मॉडेल यांना साहाय्य करणारे हेच लर्नर होते. मैदान बहुतांश सार्वजनिक पैशातून बांधले गेले. २००२ मध्ये लर्नर वारले, संघ वारशाने मुलाकडे आला. २०१२ मध्ये पेट्रोलपंपांच्या साखळीचे मालक जिमी हॅस्लम आणि त्यांच्या कुटुंबाने तो सुमारे १०० कोटी डॉलरना खरेदी केला. १९९९ ते २०२४ या २६ हंगामांत ब्राउन्स बाद फेरीत पोहोचला तो फक्त तीनदा. १९९९ ते २०२० या काळात कायमस्वरूपी नेमलेल्या प्रशिक्षकांची संख्या दहा झाली. त्यांतील दोघांना तर एकाच हंगामानंतर निरोप मिळाला. संघाचा आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. या जागेवर सामना सुरू करणारे खेळाडू पंचवीस वर्षांत चाळिसाच्या आसपास झाले. टिम काउच, ब्रेडी क्विन, ब्रँडन वीडन, जॉनी मँझिएल, प्रत्येकाला तारणहार म्हणून आणले गेले आणि प्रत्येकाला वाऱ्यावर सोडले गेले. शेतात एक पीक उगवण्याआधीच ते नांगरून दुसरे पेरायचे आणि मग जमीन नापीक आहे म्हणून कपाळाला हात लावायचा, तशी ही रीत.

क्लीव्हलँडपासून फार दूर नसलेल्या पिट्सबर्ग या दुसऱ्या पोलादनगरीकडे पाहिले की हा दोष उठून दिसतो. तेथील स्टीलर्स संघाने १९६९ ते २०२४ या काळात मुख्य प्रशिक्षक नेमले ते अवघे तीन. त्यांच्या नावावर सहा सुपर बोल आहेत. पोलादाच्या भट्ट्या तेथेही विझल्या, बेकारी तेथेही आली. तेव्हा शहराच्या दारिद्र्यातून संघाचे दारिद्र्य आले हा युक्तिवाद टिकत नाही.

अविचाराचा कळस २०२२ मध्ये झाला. त्यापूर्वी २०१७ मध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत बारावा क्रम ब्राउन्सकडे होता. तो त्यांनी ह्यूस्टनच्या संघाला दिला आणि ह्यूस्टनने त्यावर डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला निवडले. २०१८ मध्ये ब्राउन्सने बेकर मेफील्ड यांना घेतले. २०२० च्या हंगामात मेफील्ड यांनी संघाला पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर बाद फेरीतला पहिला विजय मिळवून दिला. पुढच्या हंगामात ते जखमी झाले, खेळ घसरला आणि व्यवस्थापनाचा धीर सुटला. मग ज्या वॉटसन यांना पाच वर्षांपूर्वी हातचे सोडले होते त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये पहिल्या फेरीतील तीन निवडी आणि आणखी काही निवडी ह्यूस्टनच्या पदरात टाकल्या, आणि पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार केला. यातील प्रत्येक डॉलर हमीचा, खेळाडू खेळो वा न खेळो.

प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. वॉटसन यांच्याविरुद्ध वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले होते. फौजदारी आरोप ठेवले गेले नाहीत, वॉटसन यांनी सर्व आरोप नाकारले आणि बहुतेक दावे तडजोडीने मिटले, हे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु लीगने त्यांना अकरा सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाख डॉलर दंड केला, हेही तितकेच खरे आहे. करारात पहिल्या वर्षाचे मूळ वेतन १० लाख डॉलरच्या जेमतेम वर होते, त्यामुळे निलंबनाच्या काळातील वेतनकपातीचा त्यांना फारसा फटका बसला नाही. तक्रारदार स्त्रियांच्या प्रतिष्ठेपेक्षा विजयाची आशा मोठी ठरविली गेली, आणि तो विजयही मिळाला नाही. दुखापती आणि निलंबन यांमुळे २०२२ ते २०२४ या तीन हंगामांतील ५१ सामन्यांपैकी वॉटसन खेळले १९. २०२४ च्या हंगामात संघ १७ पैकी १४ सामने हरला. ज्यांना टाकून दिले ते मेफील्ड या काळात टाम्पा बे संघाला बाद फेरीत नेत होते.

एखाद्या किराणा दुकानदाराने अशा चुका केल्या असत्या तर त्याचे दुकान केव्हाच बंद पडले असते. मग ब्राउन्सचे मालक कसे तगले? उत्तर लीगच्या रचनेत आहे. १९६१ च्या एका कायद्याने फुटबॉल संघांना दूरचित्रवाणीचे हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली, जी एरवी मक्तेदारीविरोधी कायद्यात बसली नसती. २०२१ मध्ये झालेल्या करारांची एकूण रक्कम अकरा वर्षांसाठी सुमारे ११,००० कोटी डॉलर आहे. ती बत्तीस संघांत समसमान वाटली जाते. शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पहिल्या क्रमांकाच्या संघाइतकाच वाटा! युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. येथे ते भय नाही. उलट सर्वात वाईट संघाला पुढील वर्षी नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते. मालक राजकारणात रिपब्लिकन, पण लीगच्या बैठकीत समाजवादी मतदान करणारे, अशा अर्थाचा खुद्द मॉडेल यांचा विनोद प्रसिद्ध आहे. विनोद मार्मिक आहे, मात्र समाजवाद या शब्दाचा त्यात अपमान आहे. बत्तीस धनिकांनी आपसात नफा वाटून घेण्याला समाजवाद म्हणत नाहीत, मक्तेदारांचा संघ म्हणतात. ज्या व्यवस्थेत समतेचे संरक्षण फक्त मालकाला आहे आणि स्पर्धेची झळ फक्त खेळाडूला, प्रशिक्षकाला आणि शहराला आहे, ती भांडवलशाहीची जुनीच चाल नव्या रंगात आहे.

परिणाम हिशेबातच दिसतो. १९९८ मध्ये ५३ कोटी, २०१२ मध्ये १०० कोटी आणि २०२४ च्या ‘फोर्ब्स’च्या अंदाजानुसार ५०० कोटी डॉलरहून अधिक, अशी या हरणाऱ्या संघाची किंमत चढत गेली. हरण्याने मालकाचे काही गेले नाही.

आता या कहाणीचा नवा अध्याय लिहिला जात आहे. हॅस्लम कुटुंबाला शहराच्या हद्दीबाहेर, ब्रूक पार्क या उपनगरात, २४० कोटी डॉलर खर्चाचे छप्पर असलेले मैदान हवे आहे. जागा एकेकाळी फोर्ड कंपनीच्या कारखान्याची. जेथे मोटारींची इंजिने बनत होती तेथे आता प्रेक्षक बनविले जातील. २०२५ च्या मध्यास ओहायो राज्याच्या अंदाजपत्रकात या मैदानासाठी ६० कोटी डॉलर मंजूर झाले. ते आणले कोठून? राज्याकडे पडून असलेल्या बेवारस ठेवींतून. विसरलेली बँकखाती, न वटविलेले धनादेश, परत न नेलेल्या अनामत रकमा, हा सामान्य माणसाचा पैसा राज्य केवळ विश्वस्त म्हणून सांभाळत होते. त्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले, हे योग्यच झाले. त्याच अंदाजपत्रकाने आणखी एक काम उरकले. मॉडेल यांच्या पलायनानंतर १९९६ मध्ये ओहायोने कायदा केला होता की सार्वजनिक पैशाच्या मैदानावर खेळणारा संघ हलविण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ खरेदी करण्याची संधी द्यावी. या कायद्याच्या आधारे २०१८ मध्ये कोलंबस शहराने आपला संघ टेक्सासला जाऊ दिला नाही, आणि तो विकत घेणाऱ्यांत हेच हॅस्लम कुटुंब होते! आता तो कायदा राज्याबाहेर जाणाऱ्या संघापुरताच मर्यादित करण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लीव्हलँड शहराने लढा सोडून सुमारे १० कोटी डॉलरच्या मोबदल्यावर समझोता केला. जो कायदा इतरत्र संघ मिळविताना उपयोगी पडला, तो स्वतःच्या आड येताच बदलून घेतला गेला.

याला पर्याय नाही, असे सांगितले जाते. पर्याय आहे, आणि तो त्याच लीगमध्ये आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे गाव. तेथील पॅकर्स संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. भागावर लाभांश नाही, तो नफ्याने विकता येत नाही, एका व्यक्तीला बहुसंख्य भाग घेता येत नाहीत. २००० साली मैदानाच्या नूतनीकरणासाठी तेथेही कर लावला गेला, पण मतदारांचा कौल घेऊन. आणि कर भरणाऱ्यांच्या गावातून संघ उचलून नेण्याचा अधिकार कोणा एकाच्या खिशात नव्हता. या संघाने १३ विजेतेपदे मिळविली आहेत. १९७० आणि १९८० च्या दशकांत त्यालाही वाईट दिवस आले, परंतु त्या दिवसांत त्याला कोणी विकू शकले नाही. असा प्रयोग इतर शहरांनी करू नये म्हणून लीगच्या नियमांनी लोकमालकीला बंदी केली आहे. अपयशी प्रयोगावर कोणी बंदी घालत नसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मालकी सामूहिक झाली की सर्व प्रश्न सुटतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांचा अनुभव वेगळे सांगतो. सभासद कागदावर मालक आणि निर्णय मूठभरांच्या हाती, असे तेथेही घडले आणि काही कारखाने आजारी पडून खाजगी हातांत गेले. पिट्सबर्गसारखा खाजगी मालकही शहाणा निघू शकतो. पण मालकाचे शहाणपण ही योगायोगाची गोष्ट आहे, आणि सार्वजनिक पैसा योगायोगाच्या भरवशावर ओतता येत नाही. खरा मुद्दा उत्तरदायित्वाचा आहे. निर्णयाचा परिणाम भोगणाऱ्याला निर्णय बदलण्याचा अधिकार हवा.

क्लीव्हलँडला हे नवीन नाही. १९७८ मध्ये शहराचे तरुण महापौर डेनिस कुसिनिच यांच्यावर बँकांनी दडपण आणले की महापालिकेची वीजसंस्था खाजगी कंपनीला विका, नाहीतर कर्जाची मुदत वाढणार नाही. त्यांनी नकार दिला, १५ डिसेंबरला शहर कर्जफेडीत चुकले, पुढे कुसिनिच निवडणूक हरले. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये मतदारांनी वीजसंस्था न विकण्याचा कौल दिला होता आणि ती संस्था आजही शहराची आहे. मुंबई-ठाण्याच्या वीजदरांची चर्चा करणाऱ्यांनाही या निर्णयाचे मोल कळावे. जे शहराच्या मालकीचे होते ते शहर लढून राखू शकले. फुटबॉल संघ मालकीचा नव्हता, म्हणून तो राखता आला नाही.

हा परदेशातला खेळ आणि परदेशातला प्रश्न म्हणून दृष्टीआड करता येणार नाही. ‘फ्रँचायझी’ हा शब्द आता आपल्या क्रीडाक्षेत्रातही रुळला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा संघ होता. तो बालेवाडीच्या सरकारी क्रीडासंकुलात खेळत असे. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. २०२५ मध्ये तोही परवाना दिल्लीला गेला. पुण्यातील प्रेक्षकांना कोणी विचारले नाही, हैदराबादच्या प्रेक्षकांनाही नाही. ज्यांनी अंगावर संघाचे रंग चढविले त्यांच्या हाती जुना सदरा तेवढा राहिला.

म्हणून सार्वजनिक मैदान, सार्वजनिक जमीन वा करसवलत मागणाऱ्या प्रत्येक संघाकडून शासनाने आणि महापालिकांनी तीन अटी आधी मान्य करून घ्याव्यात. संघ हलविण्यापूर्वी स्थानिकांना तो चालविण्याचा पहिला हक्क असावा. सार्वजनिक गुंतवणुकीच्या प्रमाणात संघाच्या वाढत्या किमतीत सार्वजनिक तिजोरीचा वाटा असावा. आणि संचालक मंडळावर प्रेक्षकांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. या अटी ज्यांना जाचक वाटतील त्यांनी मैदान स्वतःच्या पैशाने बांधावे.

क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी २०१८ मध्ये थंडीत चालून जे शून्य काढले ते संघाच्या विजयांचे होते. त्या संघाच्या कारभारात नागरिकांना असलेल्या अधिकाराचा आकडाही तोच आहे. पहिले शून्य खेळाडू कधीतरी पुसतील. दुसरे पुसण्यासाठी राजकारण लागेल.